शंभरपैकी किती?

जगात सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा आणि सर्वांत कमी वेळा ऐकला जाणारा प्रश्न कोणता असेल, तर तो 'कसं काय, बरं आहे ना?' हा होय. दिवाळीच्या दिवसांत तर त्याला पीकच येते. फराळाचे ताट पुढे येण्याच्या आत तो विचारून व्हावा लागतो, आणि चकलीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत 'ठीक चाललंय' असे उत्तर देऊन टाकावे लागते. विचारणारा मनाने वाईट नसतो. पण 'बरं नाही' असे कोणी खरोखरच सांगू लागले, तर त्याच्या हातातली चकली जड होते. म्हणून आपण सगळी शहाणी माणसे या प्रश्नाला नमस्कारासारखा समजतो. नमस्काराला नमस्कार, पुढे काही नाही.

माझ्या वाट्याला मात्र हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. तो छापील कागदावर आला, त्याचे सतरा-सव्वीस पोटप्रश्न होऊन आला, आणि मुख्य म्हणजे, उत्तर ऐकायला थांबणाऱ्या माणसांच्या तोंडून आला. गेल्या काही वर्षांत मी अशा तीन-चार अभ्यासांत 'सहभागी' झालो आहे. त्याविषयी चार शब्द सांगावेत असे फार दिवस मनात होते. दिवाळीचा अंक हे त्याचे ठिकाण आहे का, अशी शंकाही आली. पण घरोघर माणसे एकमेकांची खुशाली विचारीत असताना हा विषय काढायला याहून चांगला मुहूर्त तरी कोणता मिळणार?

मी खामगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुमजली आहे. आम्ही तळमजल्यावरची माणसे. काळी जमीन, कापूस आणि ऊन या तिन्ही गोष्टी आमच्याकडे सढळ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि सुटीच्या दिवशी भावाबरोबर शेतकरी. १९९८ च्या जानेवारीत, कापसाने भरलेल्या बंडीवर उभा राहून मी दोर आवळीत असता दोर तुटला आणि मी पाठीवर खाली आलो. बाराव्या मणक्याशी मज्जारज्जूला इजा झाली. तेव्हापासून माझा आणि माझ्या पायांचा पत्रव्यवहार बंद आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला कामावरून दूर करू नये, असे १९९५ च्या कायद्यात एक कलम होते. त्याच्या आधाराने माझी नोकरी टिकली. खुर्ची तेवढी बदलली, तिला चाके आली.

मज्जारज्जू म्हणजे काय, हे मला पडेपर्यंत केवळ पुस्तकातून ठाऊक होते. मेंदूपासून निघून पाठीच्या मणक्यांतून खाली ओवलेली, करंगळीएवढ्या जाडीची ही दोरी. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. पण या दोरीतले तुटलेले धागे आपले आपण जुळत नाहीत. लोकांना दिसते ते एवढेच की, याचे पाय गेले. न दिसणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. बसल्या जागी काही टोचले तरी कळत नाही, म्हणून एका अंगावर फार वेळ राहिले की कातडीला व्रण पडतो. लघवी साचली तरी कळत नाही, आणि ती साचत राहिली की मूत्रपिंडावर येते. या दुखण्याचे खरे शत्रू हे दोन. पाय नुसते स्वस्थ पडून असतात बिचारे!

अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या विषयावर मोठा अहवाल काढला. जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांच्या मज्जारज्जूला इजा होते, असा त्यातला अंदाज आहे. पुढारलेल्या देशांत मोटारींचे अपघात पुढे असतात; आपल्याकडच्या बहुतेक पाहण्यांत उंचावरून पडणे हे पहिले कारण निघते. चिंचेचे झाड, कठडा नसलेली विहीर, घराचा धाबा आणि माझ्यासारख्याची बंडी! शहरातल्या तज्ज्ञाला ही यादी गमतीची वाटेल. आमच्या गावात ती वाचली तर प्रत्येक नावापुढे एकेक चेहरा उभा राहील. जाता जाता एक सांगून ठेवतो. असा कोणी पडला तर त्याला उठवून बसवू नये, चादरीच्या झोळीतही घालू नये. मान आणि पाठ सरळ ठेवून सपाट फळीवर न्यावे. ही माहितीदेखील आधी पडलेल्या माणसांनीच जगाला दिलेली आहे.

आता त्या पहिल्या कागदाकडे येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात एक मुलगी आमच्या ओसरीवर आली. भौतिकोपचाराचे पुढचे शिक्षण घेत होती. मज्जारज्जूची इजा झालेली माणसे इस्पितळातून घरी गेल्यावर कशी राहतात, यावर तिला प्रबंध लिहायचा होता. एसटीने खामगावपर्यंत आणि तिथून काळीपिवळीत कोंबून ती आली होती. तिने पाणी प्यायले, पिशवीतून कागद काढले आणि म्हणाली, "सर, तुमची इच्छा असेल तरच."

माझी पत्नी दारात उभी होती. मुलगी हातपाय धुवायला न्हाणीकडे गेली, तशी ती हलक्या आवाजात मला म्हणाली, "तिले डिगरी भेटन. तुमाले काय भेटन?"

प्रश्न अगदी चोख होता. त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. शेजारच्या काकांनी तर आणखी पुढे मजल मारली. आमच्या जिल्ह्यात भेंडवळ म्हणून गाव आहे. तिथे अक्षय्यतृतीयेला घट मांडून भोवती धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पाऊसपाण्याचे भाकीत करतात. काकांनी कागदांचा गठ्ठा दुरून न्याहाळला आणि विचारले, "गुरुजी, तुमी कवा चालसान, हे सांगते काय हा कागद? भेंडवळच्या मांडणीवानी?"

कागद तसले काही सांगणार नव्हता. उलट तोच मला विचारणार होता.

पहिला तक्ता होता स्वावलंबन मोजण्याचा. 'स्पायनल कॉर्ड इंडिपेंडन्स मेझर' असे त्याचे लांबलचक नाव. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी तो १९९७ मध्ये तयार केला आणि पुढे सुधारला. हाताने जेवता येते का, अंघोळ करता येते का, कपडे घालता येतात का, अशा सतरा बाबी, आणि सर्वांची बेरीज शंभर. मला हसू आले. जन्मभर मी मुलांना शंभरपैकी गुण दिले; आता चाळिशी उलटून गेल्यावर माझीच उत्तरपत्रिका तपासली जात होती. मी मास्तरी सवयीने आधी गुणांची वाटणी पाहिली, आणि पाहता पाहता गंभीर झालो. जिना चढण्या-उतरण्याला जास्तीत जास्त तीन गुण होते. लघवीच्या व्यवस्थेला पंधरा.

तीन आणि पंधरा! हा तक्ता करणारा माणूस आमच्यासारख्यांजवळ बसलेला आहे, हे मी त्या दोन आकड्यांवरून ओळखले. अठरा वर्षे मला भेटायला येणारा प्रत्येक जण माझ्या पायांकडे पाहून हळहळला होता. या दुखण्यात रात्रीची झोप, प्रवासाचा बेत, लग्नकार्याला जावे की न जावे, हे सारे कशावर अवलंबून असते, ते त्या परक्या देशातल्या तक्त्याला मात्र ठाऊक होते.

पण परक्या देशातला तक्ता तो परक्या देशातलाच. खुर्चीतून मोटारगाडीत स्वतः बसता येते का, असे एक कलम होते. मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बाई, आमच्याकडे बंडी आहे, एसटी आहे, काळीपिवळी आहे. यांतल्या कशाला गुण आहेत का?" ती हसली आणि कागदाच्या कडेला तिने तसे लिहून घेतले. शेवटचे कलम होते जमिनीवरून खुर्चीत चढण्याचे. त्याला अवघा एक गुण. आता आपले अर्धे आयुष्य जमिनीवर जाते. पंगत जमिनीवर, भजन जमिनीवर, सत्यनारायणाची पूजा जमिनीवर, माणूस गेला तर त्याच्याजवळ बसायचे तेही जमिनीवरच. चार घरच्या माणसांत मांडी घालून बसता येणे आणि त्यांच्यापेक्षा हातभर उंचावर पाहुण्यासारखे बसून राहणे, यांतले अंतर एका गुणाचे खासच नव्हे. मी तेही बोलून दाखविले. तिने तेही लिहिले. तोवर माझ्या ध्यानात आले होते की, ही मुलगी तक्त्याच्या चौकटींत मावणारे तेवढेच ऐकायला आलेली नाही.

मला अडुसष्ट गुण मिळाले. पहिला वर्ग! पत्नीला सांगितले, तर ती म्हणाली, "बाकीचे बत्तीस माहे."

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. तो तक्त्यात नव्हता. तिने आपणहून विचारला. "सर, यातलं एकच काही परत मिळणार असेल, तर तुम्ही काय मागाल?"

हा प्रश्न अमेरिकेतल्या किम अँडरसन या शास्त्रज्ञ बाईंनी फार व्यवस्थित विचारलेला आहे, हे मला पुढे कळले. त्या स्वतः मानेच्या मणक्याच्या इजेमुळे चाकांच्या खुर्चीत आहेत. जगभरच्या प्रयोगशाळांतून शास्त्रज्ञ 'चालणे' परत आणण्यासाठी झटत होते. पण चालणे हीच पहिली गरज आहे, हे ठरविले कोणी? म्हणून त्यांनी ६८१ जखमी माणसांनाच विचारले आणि २००४ मध्ये उत्तरे प्रसिद्ध केली. मानेपासून खालचे बळ गेलेल्यांनी सर्वांत आधी मागितले हात आणि बोटे. कमरेखालचे बळ गेलेल्यांनी मागितले पती-पत्नीचे खाजगी जीवन. आणि दोघांनीही आवर्जून मागितला लघवी-शौचावरचा ताबा. चालणे या यादीत पहिले नव्हते.

मी त्या मुलीला काय उत्तर दिले, ते तिच्या कागदावर आहे आणि तिथेच राहू द्यावे. एवढेच सांगतो की, उत्तर देताना माझा आवाज नीट लागेना. दुःख झाले म्हणून नव्हे. अठरा वर्षांत मला काय हवे ते सगळ्यांनी सांगितले होते. कोणी विचारले नव्हते.

आता पत्नीच्या प्रश्नाकडे वळतो. 'तुमाले काय भेटन?' याचे उत्तर मला एका सालात सापडले. १९७२ म्हटले की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना एकच गोष्ट आठवते: दुष्काळ. रोजगार हमीची खडी, सुकडी आणि आटलेल्या विहिरी. पण त्याच वर्षी आमच्यासारख्यांच्या दृष्टीने दोन फार मोठ्या गोष्टी घडल्या. पहिली थोडीफार ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले होते. त्यांनी १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. व्यक्तिगत सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुसरी गोष्ट कोणाला ठाऊक नाही, कारण तिला पदक नाही. जॅक लॅपिडस नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७२ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. दर काही तासांनी साध्या स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करावे. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीतले निर्जंतुक सोवळे पाळण्याची गरज नाही. रोग्याने घरच्या घरी स्वतःच हे करावे, असे त्यात होते. वैद्यांना हा अधर्म वाटला. पण जे रोगी तसे करू लागले, त्यांची मूत्रपिंडे वाचली. आज मी जिवंत आहे आणि लिहितो आहे, तो त्या साध्या रीतीच्या जोरावर. पेटकरांचे नाव आपण घेतो, लॅपिडसचेही घेऊ. पण ज्या रोग्यांनी 'बरे तर, आमच्यावर करून पाहा' म्हटले आणि महिनोन् महिने आपल्या नळीचा आणि तापाचा हिशेब डॉक्टरला दिला, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

त्याच्याही मागे जाता येईल. पहिल्या महायुद्धात असे जखमी झालेले बहुतेक सैनिक व्रणांनी आणि मूत्रदोषाने गेले. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी या जखमींचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रोग्याची कूस बदलायची, असा त्यांचा दंडक होता. माझी पत्नी पहिले वर्षभर रात्री उठून माझी कूस बदलीत असे, तेव्हा ती इंग्लंडातल्या कोणा अनोळखी सैनिकाच्या अनुभवाने वागत होती. तिला ते ठाऊक नव्हते आणि त्या सैनिकालाही.

आपल्याकडे गुप्तदानाला मोठा मान आहे. देणाऱ्याचे नाव कळू नये आणि घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये. माझ्या मते या अभ्यासांत उत्तरे देणे हे तसलेच दान आहे. पुढच्या वर्षी कोठल्या तरी गावात कोठल्या तरी चिंचेवरून कोणी तरी पडणार आहे. त्याचे नाव मला ठाऊक नाही. त्याला जे थोडे कमी सोसावे लागेल, त्यात माझ्या त्या कडेला लिहिलेल्या बंडीचा आणि पंगतीचा वाटा असावा, एवढीच इच्छा. पत्नीला मी हे सांगितले, तेव्हा ती काही बोलली नाही. पण पुढच्या वेळी कोणी कागद घेऊन आले, तेव्हा चहा सांगावा लागला नाही.

मात्र दान मागणाऱ्यालाही रीत असावी लागते. मागच्या काळात रोग्याला न विचारता, कधी फसवून, कधी तुरुंगात डांबून प्रयोग झालेले आहेत. त्यातून जग हळूहळू शहाणे झाले. १९४७ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने पहिला नियम घातला की, माणसाच्या राजीखुशीशिवाय प्रयोग नाही. १९६४ मध्ये जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने हेलसिंकी येथे आपला जाहीरनामा काढला. त्यात आमच्यासारख्यांना जो शब्द होता, त्याचा अर्थ 'प्रयोगाचा विषय' असा होई. २०२४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन त्या जागी 'सहभागी' असा शब्द आला. एका शब्दाला साठ वर्षे लागली! आपल्या देशाचा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आणखी पुढे जातो. दिव्यांग माणसावर संशोधन करायचे, तर त्याला समजेल अशा रीतीने सांगून त्याची मोकळी संमती घेतली पाहिजे. शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची परवानगी हवी, आणि त्या समितीतले निदान निम्मे सभासद स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असले पाहिजेत, असे त्याच्या सहाव्या कलमात म्हटले आहे. ज्याचे जळते त्यालाच विचारावे, हे शहाणपण कायद्यात उतरलेले पाहून मला मोठे समाधान वाटले.

हे संमतिपत्र नावाचे दोन पानी प्रकरण लोक न वाचता सही करून टाकतात. मी मास्तर असल्यामुळे ते अथपासून इतिपर्यंत वाचले, आणि पुढे ते वाचणे आमच्या घराच्या अगदी कामी आले.

२०१९ ची गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या एका ठिकाणाहून फोन येऊ लागले. मूळपेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या पाठीत टोचायच्या. हे नवे 'संशोधन' आहे. साडेचार लाख खर्च येईल. वर्षाच्या आत माणूस उभा राहील. दादाने एका रात्रीत निश्चय केला. म्हणाला, "दोन एकर जाते त जाऊ दे. पाय आले त वावर पुन्हा घेता येईन." दादाचे केस पांढरे झाले होते आणि त्या दोन एकरांवर त्याच्या मुलाचे सारे अवलंबून होते. मी पत्नीकडे पाहिले. आमच्या घरात एका कोनाड्यात १९९८ पासून माझ्या चामड्याच्या वहाणा ठेवलेल्या आहेत. दर दिवाळीच्या आधी ती त्यांना तेल लावते. चामडे तडकू नये म्हणून, असे म्हणते. ती त्या कोनाड्याकडे पाहत उभी होती. ती 'विका' म्हणाली नाही. 'विकू नका' असेही म्हणाली नाही.

मी संमतिपत्र बाहेर काढले. त्यात स्वच्छ लिहिले होते की, या अभ्यासासाठी सहभागी व्यक्तीला काहीही खर्च करावा लागणार नाही. मग पुतण्याला मोबाईल घेऊन जवळ बसविले आणि आम्ही दोघांनी शोध घेतला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००७ मध्ये रोग्यांवर होणाऱ्या चाचण्यांची एक नोंदवही उघडली आहे. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिच्यात आधी नोंद करणे सक्तीचे झाले. आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. त्याच परिषदेची २०१७ ची मूळपेशींविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही सापडली. रक्ताच्या ठराविक आजारांखेरीज मूळपेशींचा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. बाकी सर्व ठिकाणी तो केवळ रीतसर चाचणीतच करावा आणि त्यासाठी रोग्याकडून पैसे घेऊ नयेत, असा त्यांचा मथितार्थ होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला, तेव्हा मी तीन प्रश्न विचारले. नोंदवहीतला क्रमांक काय? नीतिसमितीचे पत्र कोठे आहे? आणि हे संशोधन असेल, तर पैसे मी का द्यायचे? पलीकडचा गृहस्थ मोठा गोड बोलत होता. तिसऱ्या प्रश्नाला त्याने फोन ठेवला.

वावर राहिले. पण त्या रात्री घरात कोणी फार जेवले नाही. जी आशा खोटी होती, तीही जाताना रडविते. नंतर कधी तरी मी पत्नीला सांगितले की, खरे शास्त्रज्ञ हात जोडून बसलेले नाहीत. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी मज्जारज्जूला विजेचे सूक्ष्म झटके देऊन, जुनी इजा असलेल्या तिघांना आधाराने पावले टाकायला लावली. २०२४ मध्ये नुसत्या कातडीवरून दिलेल्या विजेने हातांची शक्ती वाढते, हे साठ माणसांवरच्या चाचणीत दिसून आले. यातले कोणी दोन एकर विकले नव्हते. आपले अंग आणि वेळ दिला होता. तिने ऐकून घेतले आणि वहाणांना त्याही दिवाळीला तेल लावले.

या कागदांतला सर्वांत फसवा प्रश्न मला वाटतो तो सुखाचा. जागतिक आरोग्य संघटनेचा सव्वीस प्रश्नांचा एक तक्ता आहे. त्याचा पहिलाच प्रश्न असा की, आपल्या जीवनाचा दर्जा आपल्याला कसा वाटतो? आणि उत्तर गेल्या दोन आठवड्यांपुरते द्यायचे. आता गेल्या दोन आठवड्यांत दिवाळी असेल तर एक उत्तर येईल, आणि सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस झाला असेल तर दुसरे! त्यात माझ्या मणक्याचा वाटा किती आणि सोयाबीनच्या भावाचा किती, हे वेगळे कसे काढावे?

तरीही हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्यांची समजूत आमच्या उत्तराशी जुळत नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक मौजेचा अभ्यास केला. लॉटरी लागलेले बावीस जण, अपघाताने लुळे झालेले एकोणतीस जण आणि शेजारपाजारचे बावीस साधे लोक, अशा तिघांना त्यांनी पाचपैकी सुखाचे गुण विचारले. लॉटरीवाल्यांचे ४.००, साध्या लोकांचे ३.८२ आणि आमच्या लोकांचे २.९६ निघाले. पुष्कळ जण हा अभ्यास वाढवून सांगतात आणि लुळी माणसे लॉटरीवाल्यांइतकीच सुखी असतात म्हणतात. तसे नाही. फरक आहे, आणि तो आम्हाला चांगला ठाऊक आहे. पण लोक समजतात तशी आमची रात्र काळोखी नाही. आकडा निम्म्याच्या वरचाच आहे. आणि लॉटरीवाल्यांची गंमत अशी की, न्याहारी, गप्पा, एखादा विनोद अशा रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी उतरली होती. माझी तशी उतरलेली नाही, हे मी शपथेवर सांगतो. थंडीच्या सकाळी ओट्यावर ऊन येते आणि शाळेत जाणारी पोरे 'गुरुजी नमस्ते' म्हणून ओरडतात, तेव्हा पाचपैकी किती द्यावेत, हे त्या तक्त्याला विचारावे लागत नाही.

गेल्या वर्षी आणखी एक विद्यार्थिनी आली. मी नेहमीप्रमाणे चष्मा पुसून तयार झालो. ती संकोचून म्हणाली, "सर, या वेळी तुम्ही नाही. काकूंना विचारायचंय." तिच्याजवळ बावीस प्रश्नांचा तक्ता होता. रोग्याची देखभाल करणाऱ्या घरच्या माणसावर किती भार पडतो, हे पाहण्यासाठी झरिट नावाच्या अमेरिकन संशोधकाने तो तयार केलेला. तो घरच्या माणसाला एकटे घेऊन विचारायचा, असे ती म्हणाली.

पत्नी पदराला हात पुसत बाहेर आली. मला वाटले, आता 'तिले डिगरी भेटन' हे वाक्य ऐकू येणार. तिने मुलीला आत नेले, चटई अंथरली आणि मला म्हणाली, "तुमी जरा ओट्यावर बसा."

मी ओट्यावर बसलो. दार लोटलेले होते. पाऊण तास झाला, तास झाला. आतून बोलणे नुसते लाटेसारखे ऐकू येई, शब्द कळत नसत. एकदा पत्नी मोठ्याने हसली. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. बावीस प्रश्नांना एवढा वेळ लागत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक होते. ती मुलगी तक्ता संपवूनही ऐकत बसली असावी.

निघताना मुलीने मला वाकून नमस्कार केला. तिचे डोळे थोडे लाल दिसले. तिच्या कागदावर काय लिहिले गेले, ते मी विचारले नाही. संमतिपत्रावर छापलेले असते की, उत्तरे गुप्त राहतील. आणि तो नियम नवऱ्यालाही लागू आहे. काळीपिवळी धूळ उडवीत निघून गेली, तरी पत्नी ओट्याच्या खांबाला टेकून रस्त्याकडे पाहत उभी होती.

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली, "पुरं आयकून घेते."